ठमीवरचा आळ

१

अंघोळ करून बाहेर आले, तेव्हा माझा लॅपटॉप टेबलावर उपडा उभा होता. घराच्या छपरासारखा. एका बाजूला उतरता पडदा, दुसऱ्या बाजूला उतरता कळफलक, खाली पांढरा टॉवेल. डोक्यावर पंखा जिवाच्या आकांतानं फिरत होता. छपराच्या कोपऱ्यातून एक थेंब सुटला आणि टॉवेलात जिरला.

मी जाताना तो सरळ होता, उघडा होता, चालू होता. आणि कोरडा होता.

टेबलाच्या पायाशी ठमी बसली होती. ठमी म्हणजे माझी लेक, अजून दोन वर्षांचीही नाही. मला पाहून ती उठली, एक हात पाठीमागे घेतला, दुसऱ्या हाताचं बोट लॅपटॉपकडे रोखलं आणि ठणकावून म्हणाली, "नको!"

माझी किंकाळी ऐकून घर गोळा झालं. सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या, हात कणकेनं बरबटलेले. सासरे बैठकीच्या खोलीतून आले, हातात पेपर. नवरा आतल्या खोलीतून आला, कानाला फोन. सुट्टीच्या दिवशीही त्याचं ऑफिस त्याला सोडत नाही. सगळ्यांनी आधी लॅपटॉपकडे पाहिलं, मग टेबलाच्या कडेला आडव्या पडलेल्या ठमीच्या पाण्याच्या पेल्याकडे, आणि मग ठमीकडे.

"ठमीनं सांडलं," कुणीतरी म्हणालं. कोण, ते मला नंतर कितीही आठवून आठवलं नाही. बहुधा तिघंही एकदम.

"बघ, तिचं तिलाच कळलंय काय केलंय ते," सासूबाई म्हणाल्या.

"नको!" ठमी पुन्हा म्हणाली.

नवऱ्यानं फोनवर हात ठेवला आणि ज्याची मला भीती होती तेच वाक्य हळूच टाकलं. "म्हणूनच मी म्हणत होतो, थोडं थांबलो असतो तर..."

हे 'थोडं थांबणं' म्हणजे काय, ते सांगायला हवं. मी पाठ्यपुस्तकांची पानं लावते. मजकूर, चित्रं, नकाशे जागच्या जागी बसवून पुस्तक छपाईला जाण्याजोगं करायचं, हे माझं काम. ठमी झाल्यावर ते सुटलं होतं. आता पहिल्यांदा एक पुस्तक हाती आलं होतं आणि सोमवारी त्याची पानं द्यायची होती. घरात ठरलं होतं की महिनाभर बघू. काम आणि मूल एकमेकांच्या पायात आले, तर ठमी शाळेत जाईपर्यंत काम बंद. ठरवलं सगळ्यांनी मिळून, अगदी गोडीगुलाबीनं. त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती.

म्हणजे ठमी दोषी ठरली, की शिक्षा मला.

मी लॅपटॉप सरळ केला. बटण दाबायला बोट नेलं आणि मागे घेतलं. ओल्या यंत्राचं बटण दाबू नये एवढं मला माहीत होतं. मग चार्जर शोधला. तो भिंतीत नव्हता. खणात होता, छान गुंडाळून ठेवलेला.

दोन वर्षांचं मूल पाणी सांडू शकतं. पण सांडल्यावर चार्जर काढून गुंडाळून ठेवतं?

२

"कुणी उपडा ठेवला हा?" मी विचारलं.

कुणीच नाही. मी आलो तेव्हा असाच होता, असं तिघांनीही सांगितलं. लॅपटॉप स्वतःच कोलांटी मारून टॉवेलावर जाऊन उभा राहिला असावा.

मी एकेकाला वेगळं गाठायचं ठरवलं. आई झाल्यापासून मला झोपेतसुद्धा कुठल्या खोलीत काय पडलं ते आवाजावरून कळतं. ही विद्या आता घरावरच चालवायची वेळ आली होती.

आधी स्वयंपाकघर.

"अगं, मी कशाला हात लावू? मला त्यातलं काय कळतं?" सासूबाई कणीक अशी मळत होत्या की कणकेचाच अपराध असावा. "मी इथेच होते. ठमी आली, माझे कपडे ओढायला लागली, नुसतं नको नको. म्हटलं, नको तर नको. हल्ली हिला सगळंच नको असतं."

"हे माझी किंकाळी ऐकू येण्याच्या आधी?"

"आधी म्हणजे... जरा आधी." त्यांनी नळ सोडला आणि हात धुवायला घेतले. नळाच्या आवाजात पुढचा प्रश्न ऐकू आला नाही, असं त्यांनी मला जाणवून दिलं.

मग बैठकीची खोली.

"सूनबाई, मी पेपर वाचत होतो. ठमी माझ्यासमोर खेळत होती," सासरे म्हणाले.

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ म्हणजे, एक लेख जरा लांबलचक होता."

त्यांचा चष्मा कपाळावर होता. चष्म्याशिवाय बाबांना मथळेसुद्धा दिसत नाहीत. लेख किती लांबलचक होता ते मला कळलं. बाबांना डुलकी लागली होती.

एवढ्यात आतून आवाज आला, "ठमे, तुझ्या आजोबांना सांग, जेवण तयार आहे."

ठमी स्वयंपाकघरातून दुडुदुडु आली, आजोबांच्या गुडघ्यावर थापटी मारून म्हणाली, "आबा, जेव."

"ठमे, तुझ्या आजीला सांग, येतो."

ठमी दुडुदुडु परत गेली. "आजी, येतो."

हे आमच्याकडे आठवडाभर चाललं होतं. सासूसासऱ्यांचा अबोला. कारण विचाराल तर एक मेलेलं झाड. माझ्या टेबलाच्या वर भिंतीत एक फळी आहे, तिच्यावर सासूबाईंच्या दोन कुंड्या होत्या. त्यातलं एक झाड वाळलं. तुम्ही पाणी घातलं नाही, असं सासूबाई म्हणाल्या. घालायची पाळी तुझी होती, असं बाबा म्हणाले. तेव्हापासून दोघं एकमेकांशी फक्त ठमीमार्फत बोलतात. ठमीला येतात मोजके शब्द, त्यामुळे कितीही मोठा निरोप दिला तरी पोचताना त्याचा एकच शब्द होतो. पण निरोप ती चुकवत नाही. कामाला पक्की आहे.

मला मात्र त्या क्षणी दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत असं वाटत होतं. पानं अडकली होती, सोमवार येत होता, आणि या घरात जेवण तयार झाल्याची बातमी टपालानं जात होती.

मी पेला उचलून पाहिला. झाकण घट्ट बसलेलं. उलटा करून हलवला. एक थेंब पडला नाही. हा पेला मी दुकानात असाच उलटा करून, विकणाऱ्याला वैताग आणून, पारखून घेतला होता. ओढून प्यायल्याशिवाय त्यातून पाणी येत नाही.

मग लॅपटॉपवर पडलं ते पाणी आलं कुठून?

३

संध्याकाळी ठमीला कडेवर आणि लॅपटॉपला टॉवेलात घेऊन रस्त्यापलीकडच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले.

दुरुस्तीवाल्याची एक सवय आहे. तो कुठल्याही प्रश्नाला "बघू" म्हणतो. लॅपटॉप सुधारेल का? बघू. सोमवारपर्यंत? बघू. आतली पानं तरी वाचतील का?

"ताई, बघू दिलंत तर बघू ना!"

त्यानं मागचं झाकण काढलं, भिंगातून बराच वेळ आत पाहिलं, मग पडद्याच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं.

"पाणी वरून आलंय. पडद्याच्या माथ्यावर पडलं, ओघळून सांध्यात शिरलं. कळफलकाची पुढची रांग बघा, कोरडी ठणठणीत."

ठमी टेबलासमोर उभी राहिली तर तिचं नाकसुद्धा टेबलाच्या कडेपर्यंत पोचत नाही. ती सांडणार तर पुढच्या कडेला. माझ्या जिवात जीव आला. पण तो पुढं बोलला आणि तो जीव पुन्हा गेला.

"पाणी फार नव्हतं हो. आणि कुणीतरी शहाण्या माणसानं लगेच बंद करून उपडा ठेवलेला दिसतोय. तसाच राहिला असता, नीट वाळला असता, तर वाचायची चांगली आशा होती. पण मग कुणीतरी चालू करून बघितला. इथे जळालंय, दिसतंय? पाण्यानं नाही मेला हा. घाईनं मेला."

"मी नाही केला चालू!"

"मी कुठे तुमचं नाव घेतलं?" त्यानं सुरू करायचं बटण नखानं खरवडलं. "आणि हे पांढरं काय लावलंय बटणाला? चिकटून बसलंय."

मी ठमीकडे पाहिलं. ठमीच्या गळ्यावर, सकाळच्या अंघोळीनंतर फासलेल्या पावडरीचे पांढरे पट्टे होते.

४

घरी येताना मी मनाशी एवढं पक्कं केलं. लॅपटॉपला हात दोन जणांनी लावला. पहिल्यानं वाचवला. दुसऱ्यानं मारला. आणि पहिल्याचं दुसऱ्याला माहीत नव्हतं, नाहीतर तो थांबला असता.

पावडरीचं कोडं रस्त्यातच सुटलं. पावडर फुंकरीनं उडते. नखानं खरवडावी लागते ती वाळलेली कणीक. घरात कणीक कुणाच्या हाताला होती, ते सांगायला हेर लागत नाही.

चार्जरचंही तसंच. मी वायर बोटांभोवती कशीही गुंडाळते, नवरा ती गुंडाळतच नाही. खणातली वायर आठच्या आकड्यात वळलेली होती. बाबांची सारी नोकरी टेलिफोन केंद्रात गेली. ते सुतळीसुद्धा आठच्या आकड्यात वळतात.

म्हणजे वाचवलं बाबांनी, मारलं सासूबाईंनी. पण पाणी? ते दोघांनीही ओतलेलं नसणार. चोरून पाणी ओतणारा माणूस आधी चार्जर काढत नाही, आणि ओतून झाल्यावर चालू करून बघत नाही.

टॉवेल धुवायला टाकताना मी तो उलगडला. पांढऱ्या कापडावर फिकट तपकिरी डाग.

चहा.

या घरात जेवायच्या वेळेला चहा घेणारा माणूस एकच आहे. थोडं थांबलो असतो तर, असं म्हणणाराही तोच.

मी टॉवेल घेऊन आतल्या खोलीत गेले आणि त्याच्यासमोर धरला.

नवरा टॉवेलाकडे बघत राहिला. "तुला वाटतं मी सांडला?"

"मला काही वाटत नाही. मी डाग दाखवतेय."

"तू मला संशयित ठरवलंस?"

"सगळेच आहेत. ठमीवर आळ घेताना तुला कुठे जड गेलं?"

त्याचा चेहरा पडला. तो उठला आणि खिडकीतला कप आणून माझ्या हातात दिला. काठोकाठ भरलेला, थंडगार, वर जाड साय. "घोटभरही प्यायलो नाही. साहेबांनी फोन सोडला नाही. आणि चहा असता तर चिकट लागला असता. दुधाचा चहा, आंबला असता एव्हाना. वास तरी घेतलास का?"

घेतला नव्हता. हेर म्हणून ही मोठीच चूक होती, आणि ती नवऱ्यानं दाखवावी याचा राग वेगळाच. मी टॉवेल नाकाशी नेला.

चहाचा वास नव्हता. साखरेचा नाही, दुधाचा नाही. वास होता ओल्या मातीचा. कुंडी उचलल्यावर खालून येतो तसा.

मी टेबलापाशी गेले आणि पहिल्यांदाच मान वर करून पाहिलं.

५

फळीवर एक रिकामी कुंडी होती, मेलेल्या झाडाची. शेजारी जिवंत झाड, इतकं टवटवीत की बघवेना. त्याच्याखालची बशी काठोकाठ भरलेली. फळीच्या कडेवरून तपकिरी ओघळ वाळला होता. त्या ओघळाच्या बरोबर खाली माझ्या लॅपटॉपची जागा.

बाहेर बाबा टीव्हीसमोर उभे राहून बातम्या देणाऱ्या बाईला सुनावत होते. एक हात पाठीमागे. दुसऱ्या हाताचं बोट रोखलेलं. "हे असं नको! अजिबात नको!"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

एक हात पाठीमागे, एक बोट रोखलेलं, आणि "नको".

ठमीला आपण काय केलं ते कळलं होतं, असं सगळ्यांना वाटलं होतं. ठमीनं काहीच केलं नव्हतं. ठमी तिचं रोजचं काम करत होती.

६

रविवारी सकाळी मी सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं. लॅपटॉपच्या जागी स्टीलचं ताट ठेवलं. बशी रिकामी करून पुन्हा कुंडीखाली सारली. ठमी नवऱ्याच्या मांडीवर.

"आई, तुम्ही काल झाडाला पाणी घातलंत?"

"घातलं. एकच तांब्या. मी रोज घालते, कुणी काही म्हणो."

"आत्ता तसंच घाला."

त्यांनी घातलं. पाणी मातीतून झिरपत बशीत उतरलं. बशी काठापर्यंत आली आणि थांबली. थेंब पडला नाही.

"बघ!" सासूबाई म्हणाल्या, पाहिलं छताकडे.

"बाबा, तुम्ही?"

"मीही एकच तांब्या. ते दुसरं झाड मेल्यापासून रोज मीच घालतो. नाहीतर हेही मरायचं."

"आता तुम्ही घाला."

त्यांनी घातलं. काही झालं नाही. बाबांनी हात झटकले. नवरा घड्याळाकडे बघायला लागला. कुणी बोलत नव्हतं, आणि आमच्याकडे न बोलण्याचा सराव चांगला होता.

टप्.

ताट वाजलं. सगळ्यांनी मान वर केली. फळीच्या कडेला दुसरा थेंब लोंबकळत होता. टप्. मग तिसरा. मग बारीक धार.

"आधीचे दिवस कोरडी माती पाणी पीत राहिली," मी म्हटलं. "काल तिचं पोट भरलं. दोघांनी आपापला तांब्या घातला आणि दोघंही निघून गेलात. पाणी तुमच्या पाठीमागे उतरलं. सांडलं कुणीच नाही. आता पुढचं सांगा. बाबा, तुमची डुलकी झाली आणि तुम्ही इथे आलात."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, लावला. "पडदा ओला होता. यंत्र चालू होतं. मी बंद केलं, वायर काढली, उपडं ठेवलं. ठमीचा पेला पडलेला दिसला. वाटलं, आपण झोपलो आणि पोरीनं सांडलं. म्हणून बोललो नाही. लक्ष ठेवायचं काम माझं होतं."

"म्हणजे चांगलं होतं यंत्र?" सासूबाईंचा आवाज घसरला.

"आई, बटणाला कणीक लागली होती."

त्या आधी माझ्याकडे, मग आपल्या बोटांकडे बघत राहिल्या. "मी ठमीच्या मागोमाग आले. ते उपडं पाहिलं, वाटलं हिनंच पाडलं. तुझं सोमवारचं काम... म्हटलं, चालू होतंय का तेवढं बघावं. निळा उजेड आला, टक् झालं, गेला. घाबरून होतं तसं परत ठेवलं." डोळे भरले, आणि त्या भरल्या डोळ्यांनी त्या एकदम बाबांकडे वळल्या. थेट. "पण तुम्हाला मला हाक मारून सांगता आलं नाही, हात लावू नको म्हणून? तोंड होतं ना?"

"सांगितलं होतं की!" बाबाही थेट ओरडले. "लगेच सांगितलं! म्हटलं, तुझ्या आजीला सांग, त्याला हात लावू नको, चालू तर मुळीच करू नको. ठमीला पाठवलं ना तुझ्याकडे!"

टप्, ताट वाजलं.

आपलं नाव ऐकून ठमी नवऱ्याच्या मांडीवरून उतरली. एक हात पाठीमागे घेतला. बोट ताटाकडे रोखलं. "नको!"

नवऱ्यानं तोंडावर हात ठेवला. हसतोय की रडतोय ते कळेना. सासूबाईंनी ठमीला उचलून छातीशी घट्ट धरलं. "कपडे ओढून ओढून सांगत होती गं मला..."

"महिनाभर बघू, असं ठरलं होतं," मी म्हटलं. आता थांबायचं नव्हतं. "बघितलं. माझ्या कामाच्या आड ठमी कुठेच आली नाही. तरीही या घरात कुणी काम सोडायलाच हवं असेल, तर ते ठमीनं सोडावं. आजपासून ती निरोप नेणार नाही."

"बरोबर आहे," बाबा जमिनीकडे बघत म्हणाले.

"अगदी बरोबर आहे," सासूबाई म्हणाल्या. आठवडाभरातलं त्यांचं पहिलं एकमत.

नवरा उठला, आत गेला आणि स्वतःचा ऑफिसचा लॅपटॉप आणून माझ्यापुढे ठेवला. "सोमवारपर्यंत हा घे. पण..."

"पण काय?"

"काही नाही. पण बिण काही नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "थोडं थांबायचं ते मीच थांबायला हवं होतं. बोलायच्या आधी."

दुपारी दुरुस्तीवाल्याचा फोन आला. लॅपटॉप गेला, पण आतली पानं सगळी निघाली होती. मी दोनदा विचारलं, खात्री आहे ना? "बघू नाही, बघितलंय," तो वैतागून म्हणाला.

सोमवारी पानं गेली. मंगळवारी दुसऱ्या पुस्तकाची आली.

झाड आता स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. त्याला पाणी कुणी घालायचं यावर सासूसासरे रोज थेट, मोठ्या आवाजात बोलतात. तुम्हीच घाला. नाही, तूच घाल. तुझ्या हाताला यश आहे. छे, तुमच्याच हाताला जास्त. हे ऐकून ऐकून माझं डोकं उठलं. बिचारं झाड या सौजन्यातच वाळून जाणार, म्हणून काल मीच तांब्या भरला आणि खिडकीशी गेले.

"नको!"

दारात ठमी. एक हात पाठीमागे, बोट माझ्याकडे.

कामावरून काढलेली माणसं आमच्याकडे काढलेली राहत नाहीत तर! मी रागानं बैठकीच्या खोलीकडे, बाबांना जाब विचारायला, वळणार होते. मग थांबले आणि वाकून कुंडीखालच्या बशीत पाहिलं.

काठोकाठ भरलेली होती.

मी तांब्या खाली ठेवला. "बरं झालं सांगितलंस," मी ठमीला म्हटलं.